हॉरर गेमचा व्हिलन आणि वातावरण कसं घडवायचं: चेहरा सगळ्यात शेवटी

गेल्या दोन-तीन वर्षांत सांगली-मिरजेकडच्या पोरापोरींनी बनवलेले बरेच हॉरर डेमो मी खेळलोय आणि जवळपास सगळ्यांत चूक एकच दिसते, सुरुवात मॉडेलपासून होते. असेट स्टोअरवरून, म्हणजे तयार मॉडेलं मिळतात त्या साईटवरून, एक दात विचकलेलं भूत उतरवायचं, अंधाऱ्या बंगल्यात सोडायचं, खेळाडू जवळ आला की किंचाळी वाजवायची. पहिल्यांदा माणूस दचकतो, दुसऱ्यांदा कंटाळतो, तिसऱ्यांदा गेम बंद करतो. दचकणं वेगळं आणि भीती वेगळी. दचकायला अर्धा सेकंद पुरतो, भीतीला आधीची दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं कशी बांधायची ते कुणी बघतच नाही.

म्हणून खाली क्रम लावून सगळं लिहितोय. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. उदाहरणाला एकच छोटा गेम शेवटपर्यंत घेतो, वीस मिनिटांचा. कृष्णाकाठचं उसाचं रान, शेतीची थ्री फेज लाईट रात्री बाराला येणार, थोरला भाऊ मोटरीपाशी आणि खेळाडू म्हणजे धाकटा भाऊ, तो उसात दारं धरायला, म्हणजे एकेका सरीत पाणी सोडायला गेलाय. इकडच्या निम्म्या घरांनी ही रात्र काढलेली आहे, त्यामुळं मला काही कल्पना करून घ्यावी लागत नाही. तुम्हीही अशीच माहितीतली जागा निवडा. कधी न बघितलेला परदेशी वाडा उभा करायला गेलात तर त्यात फक्त दुसऱ्यांच्या गेममधली भीती येईल.

## तयारी: इंजिन उघडायच्या आधी

इंजिन म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, ते कुठलंही चालेल. गोडो फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं म्हणून मी तेच वापरतो, युनिटी येत असेल तर युनिटी घ्या. आवाजासाठी ऑडॅसिटी, मॉडेलसाठी ब्लेंडर, दोन्ही फुकट. एक बरा हेडफोन मात्र घ्याच, लॅपटॉपच्या स्पीकरवर हॉरर गेम बनवता येत नाही.

मग जागेवर जा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. वहीत तीन याद्या करा: काय ऐकू येतं, काय हालतं, आणि माणूस तिथं नेमका काय काम करतो. तिसरी यादी लोक सोडून देतात आणि पुढं तीच सगळ्यात जास्त लागते. माझ्या यादीत स्टार्टरची खट, मोटरीची घरघर, सरीत पाणी शिरताना येणारा बुडबुड आवाज, पाचटावरचा पाय, रातकिडे, लांब कोल्हेकुई, मधेच टिटवी, आणि फडातून वारं गेलं की पानांची सळसळ एवढं होतं. मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं तरी चालतं पण वाऱ्यासाठी माईकवर स्पंजचा तुकडा बांधा आणि नुसती शांतता म्हणून सलग पाच मिनिटं वेगळी रेकॉर्ड करा, ती सोन्यासारखी उपयोगी पडते.

सावध: रात्री उसात एकट्यानं जाऊ नका. शिराळा, कराड भागात तोडणीच्या वेळी उसात बिबट्याची पिल्लं सापडतात, साप तर सगळीकडंच. कुणाला तरी बरोबर घ्या, पायात बूट घाला, आणि रान दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा.

## पायरी १: खेळाडूला काम द्या

भीती वाटायला लक्ष दुसरीकडं गुंतलेलं असावं लागतं. खेळाडूला नुसतं 'फिर आणि बघ' म्हटलं की त्याचे दोन्ही डोळे तुमच्या व्हिलनला शोधत राहतात, आणि शोधणारा माणूस घाबरत नाही. तो तयारीत असतो.

आपल्या गेममध्ये काम असं: सरीच्या टोकाला पाणी पोचलं की ते दार बंद करायचं, पुढचं फोडायचं, अशा चोवीस सऱ्या. खोरं चालवायला दोन्ही हात लागतात म्हणून बॅटरी खाली ठेवावी लागते आणि ती ठेवली की उजेड जमिनीलगत एका बाजूला पडतो, बाकी तीन बाजू काळोख. हे चार-पाच सेकंद खेळाडू स्वतःहून पाठ करून उभा राहतो. त्याला मी जबरदस्ती केलेली नाही, कॅमेरा हिसकावून घेतलेला नाही, त्याला कामच तसं आहे.

काम निवडताना बघायचं काय, तर ते परत परत करावं लागतं, अर्धवट सोडलं तर नुकसान होतं, आणि करताना नजर किंवा हात अडकतात. किल्ल्या गोळा करणं, चिठ्ठ्या गोळा करणं यातलं काहीच करत नाही. डायरीची पानं सापडत जातात हा प्रकार तर आता खरंच सोडा.

तपासा: व्हिलन नसताना हे काम सलग पाच मिनिटं कुणाला करायला द्या. कंटाळा आला तर काम बदला. एक लय लागली पाहिजे, ती लय पुढं मोडायची आहे.

## पायरी २: जागा, आधी नुसत्या ठोकळ्यांची

टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चिकटवायची चित्रं, लावू नका. राखाडी ठोकळ्यांनी रान उभं करा आणि त्यात चाला. तीन प्रकारची जागा लागते. लांबवर दिसतं पण आपणही दिसतो अशी, म्हणजे बांध. काहीच दिसत नाही पण आपणही लपतो अशी, म्हणजे उभ्या उसाची सरी. आणि एक अर्धवट उजेडाची सुरक्षित वाटणारी, म्हणजे मोटरीची खोली. या तिन्ही खेळाडूला आलटून पालटून मिळाल्या पाहिजेत. सगळा गेम बोळात घडवला की दहाव्या मिनिटाला बोळाची सवय होते.

ऊस साधारण दहा-बारा फूट उंच ठेवा, दोन सऱ्यांतलं अंतर साडेचार-पाच फूट, खरं असतं तेवढंच. इथं पोरं सरी रुंद करतात कारण कॅमेरा पानांत अडकतो. कॅमेऱ्याचं बघा पण सरी रुंद करू नका, पानं अंगाला घासली पाहिजेत.

दिशा कळायला एक खूण ठेवा. आपल्याकडं बांधावरचं कडुलिंबाचं झाड आहे. सुरुवातीला ते कुठूनही दिसतं आणि खेळाडू त्याच्या भरवशावर फिरायला लागतो, हा भरवसा बसेपर्यंत झाडाला हात लावू नका.

दूरचं किती दाखवायचं हेही इथंच ठरवा. १९९९ च्या सायलेंट हिलमध्ये धुकं आलं ते पहिल्या प्लेस्टेशनला लांबवरचं चित्र झेपत नव्हतं म्हणून, आणि तेच त्या गेमचं वातावरण झालं. तुमचा लॅपटॉप साधा असेल तर ती अडचण समजू नका. खुणेचं झाड आणि मोटरीच्या खोलीचा उजेड सोडला तर पंधरा मीटरपुढं काही दिसू देऊ नका, हार्डवेअर पण वाचतं आणि पंधरा मीटरपुढचं सगळं खेळाडू स्वतःच रचायला लागतो.

नेहमीची चूक: रान फार मोठं करणं. वीस मिनिटांच्या गेमला एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर भरपूर झालं. ओळखीची झालेली जागा बदलली तरच माणूस घाबरतो, अनोळखी जागेत बदललेलं त्याला कळतच नाही.

## पायरी ३: आवाज, उजेडाच्या आधी

इथं थांबून नीट वेळ द्या, एकूण वेळेतला तिसरा हिस्सा तरी. बहुतेक जण आवाज शेवटच्या दोन दिवसांत बसवतात, आणि मग वर दिवसभर घोंघावणारं एक संगीत टाकून मोकळे होतात. मी पहिल्या गेममध्ये हेच केलं होतं आणि खेळणाऱ्यांपैकी एकालाही कळलं नाही की मागं कुणीतरी चालतंय, कारण ते पाऊल त्या संगीतात बुडून गेलं होतं.

पहिल्यांदा तळाचा थर बसवा: रातकिडे, वारं, लांबची मोटर. हा थर सुरुवातीची तीन-चार मिनिटं एकसारखा वाजू द्या. कान त्याला सरावतो आणि ऐकणं बंद करतो, आपल्याला तेच पाहिजे, कारण आपलं सगळ्यात मोठं हत्यार हा थर काढून घेणं आहे. ज्या गावात बिबट्या फिरतो तिथल्या माणसाला विचारा, तो सांगेल की आधी कळतं ते कुत्र्यांवरून, भुंकणारी कुत्री एकदम गप होतात. तसंच, व्हिलन तीस मीटरच्या आत आला की त्याच्या बाजूचे रातकिडे थांबवा. सगळे एकदम नको, त्याच्या बाजूचेच. त्यासाठी रातकिड्यांची एकच फाइल न वाजवता रानात दहा-बारा ठिकाणी वेगवेगळे आवाजाचे स्रोत ठेवा आणि प्रत्येकानं व्हिलनचं अंतर बघून स्वतःचा आवाज एका सेकंदात खाली आणायचा. कोडच्या दहा ओळी आहेत, पण या दहा ओळींनी मला कुठल्याही मॉडेलपेक्षा जास्त भीती मिळवून दिलीय.

दुसरा थर खेळाडूच्या पावलांचा. बांधाची माती, ओली सरी, सुकं पाचट, तिन्हींचे सहा-आठ वेगवेगळे नमुने घ्या आणि प्रत्येक वेळी पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, थोडी वरखाली करा, नाहीतर तेच तेच पाऊल मशीनसारखं ऐकू येतं. पाचटावर पाय जोरात वाजला पाहिजे, पुढं नियमांत हे कामाला येणार आहे.

तिसरा थर लांबच्या आवाजांचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं पडतो, इंजिन हे स्वतः करतं. पण पानांमधून येताना बारीक, तीक्ष्ण भाग जास्त गळतो, म्हणून उसाच्या आतून येणाऱ्या आवाजाला तो भाग गाळणारा लो पास फिल्टर लावा. भावाची हाक बांधावर असताना स्वच्छ आणि सरीत शिरल्यावर घोगरी, एवढ्यानं खेळाडूला आपण किती आत आलोय ते नकाशाशिवाय कळतं.

एक तांत्रिक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सळसळीसारखा, बारीक-जाड सगळे सूर मिसळलेला आवाज कुठून आला ते कानाला लगेच कळतं, खोल घुमणारा आवाज कुठून आला ते कळत नाही. म्हणजे दिशा द्यायची असेल तेव्हा सळसळ वापरा आणि नुसती अस्वस्थता पाहिजे तेव्हा खोल घरघर. शिवाय साध्या स्टिरिओ हेडफोनवर डावं-उजवं कळतं पण पुढं की मागं ते कळत नाही, तेव्हा 'मागून आलेला आवाज ओळखला नाही म्हणून हरलास' असा डाव रचू नका, तो खेळाडूवर अन्याय आहे.

सावध: मास्टर बसवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात तिथं, लिमिटर लावा, तो आवाज ठराविक पातळीच्या वर जाऊ देत नाही. किंचाळी बाकी आवाजाच्या दसपट मोठी करून ठेवणारे खूप बघितलेत. हेडफोन घातलेल्या माणसाचा कान दुखवणं म्हणजे भीती नाही, आणि लांडग्यांचे फुकटात मिळणारे परदेशी आवाज तर अजिबात नकोत, उसात कोल्हा ओरडतो.

तपासा: स्क्रीन बंद करून नुसत्या आवाजावर कुणाला पाच मिनिटं बसवा. कुठं आहोत, रात्र आहे की दिवस, जवळ माणूस आहे का, एवढं त्याला सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर पुढं जाऊ नका.

## पायरी ४: अंधार

अंधार म्हणजे काळा रंग नव्हे. स्क्रीन पूर्ण काळी असली की खेळाडूला भीती वाटत नाही, त्याला सेटिंग उघडून ब्राइटनेस वाढवावासा वाटतो. सगळ्यात काळ्या भागातही थोडा निळसर-राखाडी रंग ठेवा म्हणजे आकार अर्धवट दिसतात आणि माणूस त्यांना अर्थ लावत बसतो. गेमच्या सुरुवातीला ब्राइटनेस जुळवायचा पडदा द्या, 'हे झाड जेमतेम दिसेल इतकं ठेवा' असं लिहून.

गडद चित्रात रंगांचे पट्टे पडतात, विशेषतः स्वस्त स्क्रीनवर आकाशात. गोडोत डीबँडिंगचं सेटिंग आहे ते चालू करा आणि वर थोडी ग्रेन, म्हणजे बारीक दाणे टाका.

उजेडाचे दोनच रंग ठेवा. मोटरीच्या खोलीतला पिवळा बल्ब म्हणजे घर, हातातली पांढरी बॅटरी म्हणजे आपण. तिसरा रंग व्हिलनलाही देऊ नका, लाल डोळे तर नकोच. बॅटरी संपत जाणं हा प्रकार इतका वापरून झालाय की तिची भीती उरली नाही, मी तो काढून टाकतो आणि काम करताना ती खाली ठेवायला लावतो, तेवढं पुरतं.

सावध: लुकलुकणारा उजेड एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकवू नका, फिट येणाऱ्या माणसाला तो धोकादायक आहे. बंद करायचा पर्याय मेनूत द्या.

## पायरी ५: व्हिलनचे नियम

आता व्हिलन. अजून मॉडेल नाही, एक कॅप्सूल, म्हणजे औषधाच्या गोळीसारखा साधा ठोकळा घ्या आणि कागदावर पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. त्याला काय हवंय? आपण कुठं आहोत हे त्याला कशानं कळतं? त्याला काय जमत नाही? तो जवळ आहे हे खेळाडूला कशानं कळतं? आणि त्यानं गाठलं तर काय होतं? एका प्रश्नाचं उत्तर 'काहीही' असं आलं तरी व्हिलन फसला. ज्याला काहीही जमतं त्याच्यापुढं खेळाडू प्रयत्न सोडून देतो, आणि प्रयत्न सोडलेला माणूस घाबरत नाही.

माझा व्हिलन चकवा. लहानपणी सगळ्यांनी ऐकलेला, रात्रभर त्याच त्याच जागी फिरवणारा. त्याला मारायचं नाहीय, माणूस उजाडेपर्यंत रानात फिरत राहिला पाहिजे एवढंच त्याला हवंय. तो बघत नाही, फक्त ऐकतो. वाहतं पाणी त्याला ओलांडता येत नाही. तो आला की रातकिडे थांबतात. आणि गाठलं की खेळाडू परत कडुलिंबापाशी येतो, घड्याळ चाळीस मिनिटं पुढं गेलेलं आणि फोडलेली दारं परत बुजलेली.

आता बघा, पाण्याच्या नियमानं काय झालं. खेळाडूचं काम आणि खेळाडूचा बचाव एकच झाला, जेवढ्या सऱ्या भिजवल्या तेवढी सुरक्षित जमीन वाढत जाते. मग बाराव्या मिनिटाला लाईट जाते. मोटर बंद, पाणी थांबतं, सरी हळूहळू जिरायला लागते. मी काहीच भयानक दाखवलेलं नाही, फक्त लांबची घरघर थांबली, आणि आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला ती घरघर थांबल्याचं आधी पोटात कळतं. असा एक नियम शोधा जो मोडला की खेळाडूला स्वतःच हिशोब करता येईल, आता काय होणार ते सांगायला लागू नये.

दुसरा नियम हाकेचा. रात्री कुणी नावानं हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे आजीनं सांगितलेलं असतंच. गेममध्ये थोरला भाऊ मोटरीपासून ओरडतो, 'धाकल्याऽ, झालं का रं?' आणि तो नेहमी तीनदा ओरडतो. चकवा त्याच आवाजात ओरडतो पण दोनदाच. ओ द्यायला एक बटण आहे. तिसऱ्या हाकेनंतर ओ दिली तर भाऊ पुढची सरी कुठली ते सांगतो, आधी दिली आणि तो चकवा असला तर त्याला तुमची जागा कळली. दोन हाकांमधलं अंतर मी मुद्दाम कमी-जास्त ठेवलंय, कधी तीन सेकंद, कधी आठ. दुसऱ्या हाकेनंतरचे ते सात-आठ सेकंद म्हणजे अख्खा गेम आहे.

नेहमीची चूक: शेवटी धक्का द्यायचा म्हणून नियम मोडणं, चकव्यानं एकदा तिसरी हाक मारली तर किती भारी होईल असं वाटतं. नको. खेळाडू नियम शिकला म्हणजे त्यानं तुमच्यावर विश्वास टाकला, तो मोडला की पुढच्या प्रत्येक क्षणी तो चकव्याला न घाबरता तुमच्यावर चिडतो.

### कोडमध्ये हे कसं बसवायचं

दोन मेंदू करा. २०१४ च्या एलियन आयसोलेशनमध्ये हीच रचना आहे: वरच्या मेंदूला खेळाडू कुठं आहे ते कायम माहीत असतं, पण तो खालच्या मेंदूला फक्त ढोबळ भाग सांगतो. खालचा मेंदू, म्हणजे प्रत्यक्ष फिरणारा प्राणी, स्वतःच्या कानांनी आणि डोळ्यांनीच शोधतो. त्यामुळं तो जवळपास राहतो पण अंतर्यामी वाटत नाही. मी वरच्याला दर चाळीस सेकंदांनी एकदाच 'या वीस मीटरच्या घेऱ्यात बघ' असं सांगू देतो.

खालच्याला पाच अवस्था पुरतात: भटकणं, कान देणं, शोधणं, मागं लागणं, माघार. बरेच जण भटकणं आणि मागं लागणं एवढ्या दोनच ठेवतात. 'कान देणं' विसरू नका, तो थांबतो आणि दोन-तीन सेकंद काहीच करत नाही, खेळाडूचा श्वास अडकतो तो इथं. आणि माघार नसेल तर तो खेळाडूला चिकटून बसतो.

ऐकण्यासाठी प्रत्येक कृतीला एक त्रिज्या द्या. माझे आकडे: बांधावर चालणं ४ मीटर, ओली सरी ८, पाचट १२, धावणं २०, ओ देणं ४०. वेग सांगायचा तर खेळाडू चालताना २ मीटर प्रतिसेकंद, धावताना ४.५ पण सहाच सेकंद, आणि चकवा मागं लागला की ४. म्हणजे पळून वाचता येतं, पण जेमतेम.

आणि झाड. खेळाडूला तिसऱ्यांदा कडुलिंब दिसतं तेव्हा ते थोड्या वेगळ्या जागी असतं. गोडोत वस्तू कॅमेऱ्यात आहे की नाही ते सांगणारा व्हिजिबल ऑन स्क्रीन नोटिफायर आहे, वस्तू नजरेआड असतानाच हलवा. सावली दिसत असताना झाड हलवलंत तर सगळं उघडं पडतं, हे मला दोन दिवस घालवून कळलं.

तपासा: कॅप्सूलसोबत खेळा. बिनचेहऱ्याची कॅप्सूल जवळ येताना छातीत धडधडलं तर नियम बरोबर आहेत. नाही धडधडलं तर कुठलाही चेहरा लावून उपयोग नाही, परत कागदाकडं.

## पायरी ६: खुणांचा क्रम

व्हिलन दिसण्याआधी तो *होता* हे दिसलं पाहिजे. क्रम साधा ठेवा: आधी अशी खूण जिचं साधं कारण असू शकतं, मग अशी जिचं कारण लावायला त्रास होतो, शेवटी अशी जिला कारणच नाही. पाचव्या मिनिटाला बुजलेलं एक दार दिसतं, वाटतं आपणच विसरलो. आठव्याला चिखलात आपल्याच चपलांचे ठसे, पण आपण अजून न गेलेल्या सरीत. दहाव्याला कडुलिंबाला टेकवलेलं खोरं, आणि आपलं खोरं आपल्या हातात.

प्रत्येक खूण एकदाच. रक्तानं लिहिलेले शब्द, उलटा क्रॉस, जळक्या बाहुल्या यांचा या मातीशी काही संबंध नाही आणि खेळणाऱ्याला ते लगेच कळतं. हळद-कुंकू, लिंबू-मिरची हेसुद्धा जपून वापरा, ते घराघरात रोज असतं, त्यानं कुणी घाबरत नाही.

## पायरी ७: आता चेहरा

आत्तापर्यंत खेळाडूनं मनात काहीतरी तयार केलेलं असतं, आणि तुमचं मॉडेल त्याच्या तोडीचं होणं अवघड आहे. म्हणून कमी दाखवा. कृष्णेत मगर असते तेव्हा पाण्यावर डोळे आणि नाकाचा शेंडा एवढंच दिसतं, भिलवडीकडच्या माणसाला पूर्ण मगर दाखवायला लागत नाही.

मॉडेल काळं भरून अंगठ्याएवढं करून बघा, नुसत्या आकारावरून ओळखू आलं पाहिजे. मग त्यात एकच गोष्ट चुकीची ठेवा. माझा चकवा थोरल्या भावासारखाच दिसतो, खांद्यावर खोरं, डोक्याला टॉवेल. चूक एवढीच की तो सरीतून चालतो तेव्हा सळसळ ऐकू येते पण पानं हलत नाहीत. कोडमध्ये हे करायला काही लागतसुद्धा नाही, खेळाडूला लावलेलं पानांचं हलणं त्याला लावायचं नाही, झालं. तीन हात, फाटलेलं तोंड आणि उलटे पाय सगळं एकत्र केलं की डोळा त्याला खेळणं समजतो.

पहिलं दर्शन बारा मीटरवरून, पानांआडून, एका सेकंदाच्या आत. त्या वेळी संगीत नाही, कॅमेऱ्याची ओढाताण नाही. काही खेळाडूंना ते दिसणारच नाही. चालेल, ज्याला दिसलं त्याला आपणच बघितल्याचा धक्का बसतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो. केस सोडलेली, पांढऱ्या साडीतली बाई किंवा 'करणी करणारी म्हातारी' व्हिलन म्हणून घेऊ नका. करणीच्या संशयावरून खऱ्या बायकांना मारहाण झालीय, जीव गेलेत, महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. वेडसर माणूस, अपंग माणूस यांचंही तेच. आणि खऱ्या गावाचं, खऱ्या विहिरीचं नाव घेऊन भुताची गोष्ट जोडू नका, तिथं लोक राहतात. जागा खरी वापरा, नाव बदला.

## पायरी ८: चढ-उतार

ताण सतत वाढवत नेला की माणूस बधिर होतो. २००८ च्या लेफ्ट फोर डेडमध्ये डायरेक्टर नावाची यंत्रणा खेळाडूवरचा ताण मोजते, चढवते, शिखरावर नेते आणि मग मुद्दाम विश्रांती देते. तुमच्या वरच्या मेंदूला हेच करू द्या. एक आकडा ठेवा, चकवा जवळ असला की तो वाढतो, लांब गेला की उतरतो, आणि ठराविक पातळी ओलांडली की चकव्याला दीड-दोन मिनिटं लांब पाठवा. विश्रांतीत खेळाडूला मोटरीच्या खोलीत येऊ द्या, भावाबरोबर चार वाक्यं, थर्मासमधला चहा. पिवळ्या उजेडातून परत उसात शिरायला लावणं हे पहिल्यांदा शिरण्यापेक्षा जड जातं.

दचकवायची जागा वीस मिनिटांत एकच, फार तर दोन. आणि हरल्यावर लगेच परत सुरू होऊ द्या, तोच कटसीन, म्हणजे न खेळता नुसता बघायचा प्रसंग, चौथ्यांदा बघताना कुणी घाबरत नाही. माझ्याकडं तिसऱ्यांदा गाठलं की उजाडतं, बांधावर खोरं पडलेलं आणि भाऊ हाका मारतोय, एक, दोन, तीन, आणि ओ द्यायचं बटण आता स्क्रीनवर नाही.

## पायरी ९: दुसऱ्याला खेळायला देणं

पाच-सहा जण बास, पण गेमबद्दल काहीच माहीत नसलेले. रात्री, हेडफोन लावून, एकेकटे. तुम्ही मागं बसा आणि तोंड उघडू नका. 'अरे तिकडं जा' म्हटलंत की ती तपासणी वाया गेली. परवानगी घेऊन स्क्रीन आणि चेहरा दोन्ही रेकॉर्ड करा.

वहीत वेळ टाकत जा: कधी पुढं वाकला, कधी पाठ टेकली, कधी मोबाईल बघितला, कधी एकटाच हसला. हसणं वाईट नसतं, बऱ्याचदा ताण सुटल्याचं असतं. मोबाईल बघणं मात्र वाईट. खेळून झाल्यावर 'भीती वाटली का' असं विचारू नका, मित्र हो म्हणणारच. विचारा, 'तो जवळ आलाय हे तुला कशावरून कळत होतं?' आणि 'तो काय करू शकत नाही?' ही दोन उत्तरं सहापैकी चौघांनी बरोबर दिली तर नियम पोचले. 'तो कुठूनही येतो' असं उत्तर आलं तर रातकिड्यांचं अंतर वाढवा, मी वीसवरून तीस मीटर केलं ते त्यामुळंच.

एका फेरीत एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही. आणि पुढच्या फेरीला माणसं नवी आणा, कारण ज्यानं एकदा दुसऱ्या हाकेला ओ दिलीय तो परत कधीच देत नाही.